आपली ती स्वारी, त्यांची ती धाड

नानाखेड्याच्या बसस्थानकामागं माझं घर आहे. मराठी माणूस उज्जैनमध्ये तीन पिढ्या राहिला की त्याला इतिहासावर बोलण्याची हौस हमखास जडते. शिंद्यांची राजधानी इथं होती, हे तो पोहे खाताना सांगतो आणि जिलबी आली की पुन्हा सांगतो. मीही सांगतो. म्हणूनच बहुधा गेल्या थंडीत इथल्या एका मंडळानं मला व्याख्यानाला बोलावलं. विषय त्यांनीच ठरवून आणला होता : ‘परमारांचा दक्षिण-दिग्विजय’. मी म्हटलं, दिग्विजय खोडा, धाड लिहा. सचिवांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी त्यांच्याच दुकानावर प्राप्तिकराची धाड घेऊन आलोय.

“साहेब, धाड दरोडेखोर घालतात. राजे स्वारी करतात.”

आता गंमत अशी की हा शब्द माझा नाहीच. तो धनपालाचा आहे. परमार राजा मुंजाच्या दरबारात पुढं ज्याला ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं गेलं, तोच हा धनपाल. आपल्या धाकट्या बहिणीसाठी, सुंदरीसाठी, धारेत बसून यानं ‘पाइयलच्छी’ हा प्राकृत शब्दांचा कोश रचला आणि शेवटी काळ नोंदवला : विक्रम संवत १०२९, म्हणजे इसवी सन ९७२-७३. नुसत्या आकड्यावर त्याचं भागलं नाही. माळव्याच्या राजाच्या धाडीत मान्यखेट, म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी, लुटलं गेलं तेव्हाची ही गोष्ट, असं तो सांगतो. आणि शब्द कोणते वापरतो? ‘धाडी’ आणि ‘लूडिअ’. आपली धाड आणि आपली लूट, हजार वर्षांपूर्वीच्या प्राकृतात जशीच्या तशी बसलेली! जिंकणाऱ्यांच्या गावात बसून, जिंकणाऱ्यांचं मीठ खाऊन, तो लुटीला लूट म्हणतो. कुणी त्याच्या घरावर मोर्चा नेल्याचं ऐकिवात नाही. आज आमच्या मंडळाला मात्र तोच शब्द निमंत्रणपत्रिकेवर नको.

झालं होतं ते असं. सीयक हा माळव्याचा परमार राजा राष्ट्रकूटांचा मांडलिक. ९४९चा त्याचा हरसोलचा ताम्रपट वाचला की मालक म्हणून नाव कुणाचं घ्यायचं याबद्दल त्याच्या मनात तेव्हा तरी शंका दिसत नाही. ९६७ साली तो मालक, राष्ट्रकूट तिसरा कृष्ण, गेला, गादीवर त्याचा भाऊ खोट्टिग आला, आणि दरारा ओसरल्याचं मांडलिकांना मालकाच्या आधी कळतं. नर्मदेच्या काठी लढाई झाली. सीयकाचा भाऊबंद, वागडचा कंक, हत्तीवरून लढताना तिथंच पडला. माघार घेणाऱ्या राष्ट्रकूट फौजेच्या मागोमाग सीयक थेट राजधानीत घुसला. उज्जैन ते मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मालखेड, हे अंतर सरळ रेषेत मोजलं तरी साडेसहाशे किलोमीटरहून जास्त भरतं. एवढी घोडदौड करून त्यानं तिथं राज्य केलं नाही, ठाणं बसवलं नाही, तळं खोदलं नाही. होतं नव्हतं ते उचललं आणि परत आला. याला धाड म्हणायचं नाही तर काय तीर्थयात्रा? विदिशा जिल्ह्यातल्या उदयपूरची प्रशस्ती मात्र म्हणते की खोट्टिगाची लक्ष्मी हरण करणारा सीयक गरुडासारखा उग्र होता. प्रशस्ती लिहिणाऱ्याला पैसे मिळतात. सचिवांना हा गरुड फार आवडला.

लुटलेल्या गावातही एक कवी राहत होता, हे आमच्या मंडळाच्या हिशेबात कुठंच नाही. पुष्पदंत. अपभ्रंशातलं थोरलं नाव. भरत नावाच्या मंत्र्याच्या आश्रयानं त्यानं ९६५ साली मान्यखेटात ‘महापुराण’ पुरं केलं. भरताचा मुलगा नन्न यानंही त्याला सांभाळलं. महापुराणाच्या हस्तलिखितांत मागाहून आलेला एक संस्कृत श्लोक आहे. दीनदुबळ्यांचा आधार असलेलं, माणसांनी गजबजलेलं, फुललेल्या वेलींचं आणि विद्वानांचं लाडकं हे नगर धारेच्या राजाच्या कोपाग्नीत जळालं, असं त्यात म्हटलंय. आणि मग एक साधा, घरगुती प्रश्न : आता पुष्पदंतानं राहायचं कुठं? शाप नाही, सूडाची भाषा नाही. भाडेकरूला असतो तसला पेच. एकाच धाडीबद्दल लुटणाऱ्यांच्या गावचा कवी आणि लुटलेल्यांच्या गावचा कवी, दोघंही बोललेत. असं भाग्य आपल्या इतिहासात फार थोड्या प्रसंगांना लाभलं. आम्ही त्या भाग्याचं काय केलं? दोघांनाही गप्प बसवून गरुड तेवढा ठेवला.

हे सगळं मी तावातावानं सोलापूरच्या मावसभावाला सांगितलं. तो चार दिवसांसाठी महाकालाच्या दर्शनाला आला होता. मला वाटलं, दादा तरी समजून घेईल. तो उसळलाच. “म्हणजे तुमच्या माळव्यानं आमचं मालखेड जाळलं म्हण की!”

आमचं? राष्ट्रकूटांच्या बाबतीत आपण मराठी माणसं मोठी सोयीची गणितं करतो. वेरूळचं कैलास लेणं पहिल्या कृष्णाचं, म्हणून ते आमचे. त्यांचे शिलालेख कानडीत निघाले की ते त्यांचे. आणि राजधानी जळाली की रडायला पुन्हा आमचे. बरं, आमचे तर आमचे. मग त्या घराण्याच्या दंतिदुर्गानं आठव्या शतकात याच उज्जैनला येऊन हिरण्यगर्भ महादान केलं आणि गुर्जर राजाला दाराशी द्वारपाल म्हणून उभं केलं, ही फुशारकी त्यांच्याच वंशजाच्या संजानच्या ताम्रपटात आहे. दुसऱ्याच्या गावात शिरायचं, यजमानाला दरवान करायचं आणि वर पुण्य पदरात पाडून घ्यायचं. तो गुर्जर राजा प्रतिहार घराण्यातला, आणि प्रतिहार या शब्दाचा अर्थच द्वारपाल, म्हणजे अपमानाला श्लेषाची फोडणीसुद्धा! दादाला हे सांगितल्यावर तो खूश झाला. “बघ, आधी आपण गेलो होतो!”

आणि यादव? देवगिरीचं नाव निघालं की आपले डोळे भरून येतात, आणि ते भरून यावेतही. १२९६ साली अलाउद्दीन खिलजी दबा धरून आला, रामचंद्रदेवाची फौज राजपुत्राबरोबर बाहेर होती, पुढचा हिशेब इतिहासकार फिरिश्तानं मणांत दिलाय : सोनं सहाशे मण, मोती सात मण. पाठ आहे आपल्याला. पण याच घराण्याच्या पाचव्या भिल्लमाला ११८९च्या मुत्तगीच्या शिलालेखात ‘माळव्याची डोकेदुखी’ म्हणून मिरवलंय, ते कुणाला पाठ आहे? डोकेदुखी म्हणजे माळव्यातल्या कुणाचं तरी पेटलेलं खळं आणि हाकलून नेलेली गुरं. त्या गुरांचा मण कुणी मोजला नाही, कारण मोजणारा आपला होता. अलाउद्दीनला देवगिरीच्या श्रीमंतीचा पत्ता लागला तोही १२९३ साली भिलसा लुटताना, म्हणजे माळव्यातच.

इथं कुणीतरी हमखास दिल्लीच्या सुलतान इल्तुतमिशचं नाव काढतं. काढावं. १२३४-३५ मध्ये त्यानं उज्जैन लुटलं, महाकालाचं देऊळ पाडलं, ते मी मवाळ शब्दांत कधीच सांगणार नाही. माझं म्हणणं एवढंच की ज्या तोंडानं हे सांगतो त्याच तोंडानं मान्यखेटाच्या आगीला दिग्विजय म्हणताना माझी जीभ अडखळते. ‘तो काळच तसा होता’ हे वाक्य मला दोन्हीकडं वापरू द्या, नाहीतर कुठंच नको. आमच्याकडं ते स्वयंपाकघरातल्या चिमट्यासारखं आहे. फक्त आपलं भांडं उतरवताना हातात घ्यायचं.

धाडीतून काय काय आलं? सोनंनाणं आलं असेल, ते विरघळलं. पण उज्जैन परिसरातल्या गाओनरीला ताम्रपट सापडले, त्यांनी खरी चोरी पकडून दिली. मुंजाचं, म्हणजे सीयकाच्या मुलाचं, दानपत्र ज्या तांब्यावर कोरलंय, त्या तांब्यावर आधी राष्ट्रकूट चौथ्या गोविंदाचं दानपत्र होतं. मान्यखेटच्या दफ्तरातल्या प्रती उचलून आणल्या, जुनी अक्षरं ठोकून बुजवली आणि वर आपली दानं कोरली, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. दरोडेखोर तिजोरी फोडतो हे समजू शकतो. यानं तलाठ्याचं कपाटसुद्धा सोडलं नाही! कुण्या ब्राह्मणाला दिलेल्या गावाचा पुरावा घासून दुसऱ्या ब्राह्मणाला दुसरं गाव. एवढ्यावरही थांबले नाहीत. अमोघवर्ष, श्रीवल्लभ, पृथ्वीवल्लभ ही राष्ट्रकूटांची बिरुदंही मुंजानं अंगावर चढवली. चोरीचा कोट, खिशावरचं नावसुद्धा न उसवता.

आणि फायदा कुणाला झाला? सीयकानं भिंत पाडली; त्या खिंडारातून ९७३ साली शिरला तैलप, राष्ट्रकूटांचा दुसरा मांडलिक. मान्यखेट त्यानं घेतलं ते राहण्यासाठी. पुढं मुंज याच तैलपावर चालून जात राहिला. जैन ग्रंथकार मेरुतुंग सांगतो की रुद्रादित्य मंत्र्यानं बजावलं होतं, गोदावरी ओलांडू नका. ओलांडली. पकडला गेला, पळण्याचा बेत फुटला, दारोदार भीक मागायला लावून मारला. कथेत मीठमसाला आहे, तैलपाच्या बहिणीचं प्रेमप्रकरण आहे. कन्हैयालाल मुनशींनी त्यावर आख्खी कादंबरी लिहिली. पण मुंज तैलपाच्या हाती मेला, ही गोष्ट मसाल्याशिवायही खरीच. धाडीत पोसलेला पोरगा धाडीतच गेला, आणि अर्ध्या शतकात तैलपाच्या वंशातल्या सोमेश्वरानं येऊन धारा जाळली. पुष्पदंताच्या प्रश्नासारखा प्रश्न धारेतल्याही कुणाला पडलाच असेल.

दादाला नानाखेड्याहून इंदूरची बस धरून दिली आणि घरी आलो तर सचिवांचा फोन. व्याख्यान ठेवू म्हणाले. शीर्षक ‘दिग्विजय’च राहील, पत्रिका छापून झाल्यात. फक्त तो जळाल्याचा श्लोक गाळा, ताम्रपटांचं नको, मुंजाला भीक मागायला लावली ते तर मुळीच नको, समोर बायकामुलं असतात.

मी विचारलं, “मग उरलं काय हो बोलायला?”

“असं कसं,” ते म्हणाले, “गरुड आहे की!”