मांडीचे माप आणि डोक्यावरचे केस

अपंग मुलांना चालवणाऱ्या 'लोकोमॅट' या स्विस रोबो-यंत्राची मुलांसाठी वेगळी आवृत्ती आहे. मांडीची लांबी २१ ते ३५ सेंटिमीटर असेल तर या आवृत्तीचे पट्टे बसतात. त्याहून लांब असेल तर मोठ्यांचे यंत्र. पायाचे माप असे काटेकोर घेतले जाते.

पण पाऊल उचलतो कोण? मूल की यंत्र? यंत्र ओढील तसा पाय जाईल आणि मेंदू स्वस्थ बसेल, असेही होऊ शकते. ते कळावे म्हणून संशोधक मुलाच्या डोक्यावर टोपी चढवतात. तिच्यातला अवरक्त प्रकाश कवटीतून आत शिरतो, सुमारे तीन सेंटिमीटरवरच्या संवेदकापाशी बाहेर येतो आणि मेंदूच्या त्या भागातल्या रक्तात प्राणवायू वाढला की नाही ते सांगतो. पद्धत चांगली आहे. मूल हलले तरी ती बरीच सोसते.

मात्र काळे, दाट केस हा प्रकाश गिळतात.

संशोधकांना हे ठाऊक आहे. म्हणून एकेका संवेदकाखालचे केस काडीने बाजूला सारत बसतात. स्नायू ताठरलेले मूल तेवढा वेळ डोके स्थिर धरील, ही अपेक्षाच मुळात अजब. मूल रडते, टोपी ओढते. नोंद खराब येते. मग ते मूल हिशेबातून गळते, आणि शोधनिबंधात त्याच्या वाट्याला 'वगळले' एवढा एक शब्द येतो.

केसांची अडचण या टोपीपुरतीच नाही. म्हैसूरच्या मानसगंगोत्रीत अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ पासून आहे. आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो, हे मोजण्याचे काम तिथे जुने. डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे असले की पालकांना बहुतेक ठिकाणी एकच सूचना मिळते: न्हाऊन या, तेल लावू नका. तेल धुता येते. केसांचा काळेपणा आणि दाटपणा धुता येत नाही. ज्या शहराची ओळख मल्लिगेच्या फुलांच्या गजऱ्यांनी होते, तिथल्या मुलींच्या केसांविषयी अधिक काय सांगावे!

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात अर्नेल एटिएन या विद्यार्थिनीने कुरळ्या केसांच्या डोक्याला चिकटून बारीक वेण्या घातल्या आणि मधल्या भांगांत बसतील असे इलेक्ट्रोड तयार केले. ते मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपण्यासाठी होते, प्रकाशासाठी नव्हे. पण आधी केस पाहिले आणि मग उपकरण घडवले, हा क्रम महत्त्वाचा. वेणी घालायला आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. तरी टोपी मात्र आपण बाहेरून तयार आणतो आणि मुलाच्या डोक्याला दोष देतो.

रोबोच्या उपचाराने मुलांचा मेंदू जागा झाला, असे सांगणाऱ्या प्रत्येक अहवालाने यापुढे दोन आकडे शेजारी-शेजारी छापावेत. टोपी किती मुलांना घातली, आणि नोंद किती मुलांची हाती आली. या दोन आकड्यांच्या मध्ये गळलेल्या मुलांपुढे कारण लिहावे. केस असेल, तर केस असेच लिहावे.