पालीची पकड आणि अंतराळातील केर

सिंहगडाच्या कड्यावर घोरपड लावून मावळे वर चढले, ही कथा इतिहासाच्या कसोटीला उतरत नसली तरी मराठी मनात तिने कायमचे घर केले आहे. घोरपडीची पकड नख्यांची. उपग्रहाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर मात्र नख्यांचे काही चालत नाही. तेथे उपयोगी पडू शकते ती भिंतीवरच्या उपेक्षित पालीची पकड!

१९५७ साली पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात गेला. तेव्हापासून मानवाने पृथ्वीभोवती जे पाठविले, त्यातील बरेचसे आज निकामी अवस्थेत फिरत आहे. एक सेंटीमीटरहून मोठ्या तुकड्यांची संख्या दहा लाखांवर असल्याचा अंदाज आहे. सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने धावणारा लहानसा तुकडाही चालता उपग्रह निकामी करू शकतो. २००७ साली चीनने आपलाच जुना उपग्रह क्षेपणास्त्राने फोडून सुमारे तीन हजार मोठे तुकडे विखुरले. २००९ साली एक मृत रशियन उपग्रह कार्यरत अमेरिकी उपग्रहावर आदळला. अशा प्रत्येक टकरीतून पुढच्या टकरीचे बीज पेरले जाते, हा इशारा डोनाल्ड केसलर यांनी १९७८ सालीच दिला होता.

हा केर उचलणे सोपे नाही. निर्वात पोकळीत हवा ओढून चिकटणारी साधने निरुपयोगी ठरतात. ॲल्युमिनियमला लोहचुंबक धरत नाही. कडाक्याच्या थंडी-उष्णतेत साधा गोंद टिकत नाही. पालीच्या बोटांवर मात्र लक्षावधी सूक्ष्म केस असतात. ते पृष्ठभागाच्या इतके निकट जातात की रेणूंमधील आकर्षणानेच पाऊल धरून राहते, आणि ताण सैल होताच अलगद सुटते. हेच तत्त्व वापरून अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठ व नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील संशोधकांनी यांत्रिक पंजा तयार केला. २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले; २०२१ साली आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात त्याची चाचणीही झाली.

मग घोडे अडते कोठे? ते कायद्यात आणि परस्पर संशयात अडते. १९६७ च्या अंतराळ करारानुसार मृत उपग्रहावरही मूळ देशाचीच मालकी राहते. त्याच्या संमतीवाचून कोणी त्याला हात लावू शकत नाही. शिवाय जो पंजा मृत उपग्रह धरतो, तो शत्रूचा जिवंत उपग्रहही धरू शकतो. म्हणूनच या तंत्रज्ञानाकडे निव्वळ स्वच्छतेचे साधन म्हणून पाहणे भाबडेपणाचे ठरेल. ज्याच्या हाती ते नसेल, त्याला उद्याचे नियम ठरविताना कोणी विचारणार नाही.

भारताने यातून योग्य तो बोध घेतला पाहिजे. डिसेंबर २००१ मध्ये आपल्याच पीएसएलव्ही-सी३ च्या अखेरच्या टप्प्याचा स्फोट होऊन तीनशेहून अधिक तुकडे झाले होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यापासून इस्रो शिकली, हे अधिक महत्त्वाचे. २०३० पर्यंत सर्व भारतीय मोहिमा कचरामुक्त करण्याचा संकल्प २०२४ साली जाहीर झाला. १६ जानेवारी २०२५ रोजी 'स्पेडेक्स' मोहिमेत दोन भारतीय उपग्रह अंतराळात एकमेकांना जोडले गेले. हे यश अभिमानास्पद आहेच. परंतु ते उपग्रह जोडणीसाठीच घडविलेले होते. गिरक्या घेणारा, कोणतीही आज्ञा न पाळणारा मृत उपग्रह धरणे ही त्यापुढची परीक्षा आहे.

नवा केर न करण्याचा संकल्प स्तुत्य आहे. पण त्याने जुना केर निघत नाही. स्वतःचा एखादा निकामी उपग्रह वा रॉकेटचा टप्पा स्वतःच्या पंजाने खाली आणून दाखविण्याचे ध्येय भारताने आता जाहीर करावे. त्यासाठी कोणाच्या अनुमतीची गरज नाही. आपले अंगण आधी झाडणाऱ्यालाच शेजाऱ्याला चार शब्द सुनावण्याचा अधिकार प्राप्त होतो.