प्रोफेसर लोक करतात तरी काय?

ऐरोलीत आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हे वाक्य महिन्यातून दोनदा तरी कानावर पडतं: "आयआयटीचे प्रोफेसर पेपर छापण्यापलीकडे करतात काय?" बोलणारा स्वतः कुठल्याशा परदेशी विमा कंपनीच्या फॉर्ममधला ड्रॉपडाऊन दुरुस्त करत असतो. पण ते असो.

तर मंडळी, उत्तर खाडीपलीकडे पवईत आहे. २००६ साली आयआयटी मुंबई आणि बंगळूरच्या आयआयएससीत सरकारी पैशांतून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रं उभी राहिली. (त्याच वर्षीच्या ११ जुलैला लोकलमध्ये सात स्फोट झाले, आठवतंय ना?) पवईत प्रा. रामगोपाल राव आणि त्यांचे विद्यार्थी पॉलिमरच्या सूक्ष्म पट्ट्या बनवत होते. एक टोक पक्कं, दुसरं मोकळं, तलावावरच्या उडी मारायच्या फळीसारखं. वर असा लेप द्यायचा की हवा तोच रेणू चिकटेल. रेणू चिकटला की पट्टी जराशी वाकते आणि आतला रेझिस्टन्स बदलतो. बस्स, तो मोजायचा!

'बस्स' म्हणायला सोपं आहे हो. पट्टी वाकते नॅनोमीटरमध्ये. हवेतल्या दमटपणानेही वाकते, तापमान बदललं तरी आकडा हलतो. आणि हे सगळं मुंबईच्या हवेत! स्फोटकं हुंगायला हीच युक्ती, आणि लेप बदलून रक्तातली हृदयविकाराची प्रथिनं ओळखायलाही हीच.

पवईतच इन्क्युबेट झालेल्या नॅनोस्निफ कंपनीचं 'नॅनोस्निफर' हे मायक्रोसेन्सरवालं स्फोटकशोधक यंत्र एप्रिल २०२१मध्ये बाजारात आलं. दहा सेकंदांच्या आत निकाल, असा दावा. २००६ ते २०२१, म्हणजे पंधरा वर्षं. इथे दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये डेमो झाला नाही तर मॅनेजर घाम पुसायला लागतो!

माझा खरा राग मात्र आपल्या इकडच्या कॉलेजांवर आहे. पवईची लॅब बाहेरच्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांनाही वापरता यावी, तिथे प्रशिक्षण मिळावं म्हणून केंद्र सरकारने वेगळा कार्यक्रम काढला. आमच्या कॉलेजात कुणी त्याचं नावही काढलं नाही. सरांनी फळ्यावर हीच पट्टी काढली, "दहा मार्कांना येते" म्हणाले आणि फळा पुसला. सेन्सर चार वर्षांत हातात आला नाही. मग आम्ही आयटीत आलो नाही तर काय करणार?

जूनमध्ये भाच्याची ॲडमिशन घ्यायला जाल तेव्हा पॅकेजचा आकडा नंतर विचारा. आधी विचारा, इथे कुठल्या मास्तरांची लॅब संध्याकाळी सातनंतर उघडी असते, आणि आत कोण असतं?