पानमळ्याचे गाव

फ्रान्समधल्या द्राक्षगावांची वर्णने वाचली की वाटते, असे वेलीवर जगणारे गाव आपल्याकडे कुठले? वाचकहो, फार दूर जायला नको. बारामतीहून इंदापूरकडे निघालात की वाटेत निमगाव केतकी लागते. आषाढवारीत तुकोबांची पालखी येथे मुक्कामाला असते. तांबोळ्यांना मात्र हे गाव ठाऊक आहे ते विड्याच्या पानांमुळे.

पानवेल आणि मिरी एकाच कुळातल्या बहिणी. पानवेलीला कडक ऊन सोसत नाही. मुळाशी ओल हवी, पण पाणी साचलेले चालत नाही. म्हणून आधी शेवरी, शेवगा, हादगा लावायचा आणि त्यांच्या सावलीत वेल चढवायची. ती फार उंच गेली की उतरवून बुडाशी मातीत दाबायची, म्हणजे नवी फूट येते. पाने खुडायची तीही हाताने, एकेक. अवर्षणाच्या इंदापूर तालुक्यात एवढे लाड पुरवायचे म्हणजे काही चेष्टा नव्हे!

फ्रान्समध्ये 1863 च्या सुमारास अमेरिकेतून आलेल्या एका बारीक किडीने मळेच्या मळे वाळवले. तेव्हा त्या लोकांनी अमेरिकन मुळांवर आपल्या जुन्या वेलींची कलमे बांधली व पिढ्यांचा वारसा राखला. त्यांतल्या सेंत-एमिल्योंला 1999 साली युनेस्कोने जागतिक वारशाचा मानही दिला. आपल्या पानवेलीलाही मूळकूज लागते आणि उभा मळा डोळ्यांदेखत जातो. तरी शेतकरी पुन्हा वेल लावतो, कारण पानाला गिऱ्हाईक असते. तेच उद्या राहिले नाही तर?

परवा लक्ष्मीपूजनाची यादी करताना सूनबाई म्हणाली, "मामंजी, पाने पाचच आणते. पूजेपुरती. खातो कोण आता?"

तिचे अगदीच चूक नव्हते. सुपारीने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली प्रसिद्ध केले आहे. तंबाखूबद्दल तर बोलायलाच नको. पण या दोघांच्या संगतीपायी बिचाऱ्या पानालाही घराबाहेर काढायचे का?

मी म्हटले, "सुपारी देवापुढेच राहू दे. आम्हांला गुलकंद, बडीशेप अन् खोबरे घालून विडा दे."

सूनबाई हसली आणि तिने यादीतल्या पाचाचे पंचवीस केले.