पाऊल आधी, उत्साह नंतर

वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांची भारतातली बाजारपेठ अल्पावधीत बदलून गेली आहे. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड ‘मौंजारो’ या नावाने, तर जूनमध्ये सेमाग्लुटाइड ‘वेगोवी’ या नावाने इथे विक्रीला आले. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च २०२६ पर्यंतची, त्यामुळे देशी कंपन्यांची स्वस्त औषधे हा पुढचा टप्पा ठरलेलाच होता. त्याआधी फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून खाद्यतेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले होते. एकूण काय, लठ्ठपणा हा घरगुती टोमण्यांतून बाहेर पडून राष्ट्रीय चर्चेचा विषय झाला. या चर्चेत एका मोठ्या गटाचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. तो गट आहे नैराश्यातून सावरत असलेल्या माणसांचा.

या माणसांची अडचण सगळीकडे साधारण सारखीच असते. उपचार सुरू होऊन सहा-आठ महिने झालेले असतात. रडू थांबलेले असते, झोप लागू लागलेली असते, नोकरीवर किंवा स्वयंपाकघरात परतणे झालेले असते. पण या काळात वजन आठ-दहा किलोंनी वाढलेले असते. कपडे बसत नाहीत, जिना चढताना धाप लागते आणि घरचे म्हणतात, ‘‘आता बरी झालीस ना, मग सकाळी उठून फिरायला काय होतं?’’ नेमके तेच होत नसते. सोमवारी केलेला संकल्प गुरुवारी मोडतो आणि ‘माझ्याच्याने काहीच होत नाही’ हा आजारातला जुना विचार पुन्हा डोके वर काढतो.

नैराश्य आणि वजन यांचे नाते दुहेरी आहे. २०१० मध्ये अनेक दीर्घकालीन अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात लठ्ठ व्यक्तींना पुढे नैराश्य येण्याची शक्यता ५५ टक्क्यांनी, तर नैराश्य असलेल्यांना पुढे लठ्ठपणा येण्याची शक्यता ५८ टक्क्यांनी जास्त आढळली. कारणेही समजण्यासारखी आहेत. झोपेचे वेळापत्रक बिघडते, हालचाल घटते, काहींची भूक मरते तर काहींना सतत गोड-तळलेले खावेसे वाटते.

औषधांचाही वाटा असतो, पण तो सर्व औषधांचा सारखा नसतो. मिर्टाझापिन आणि काहींना जोडीने दिले जाणारे ओलान्झापिन यांनी भूक आणि वजन बरेच वाढू शकते. नेहमीच्या गोळ्यांमधला फरक त्यामानाने लहान आहे. अमेरिकेतील सुमारे १ लाख ८३ हजार रुग्णांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहा महिन्यांनंतर एसिटालोप्राम घेणाऱ्यांचे वजन सर्ट्रालिन घेणाऱ्यांपेक्षा सरासरी अर्ध्या किलोहूनही कमी फरकाने जास्त होते. बुप्रोपिऑन घेणाऱ्यांचे किंचित कमी होते. सरासरीच्या आड काही रुग्णांची मोठी वाढ दडलेली असते, हे खरे. तरीही वाढलेल्या प्रत्येक किलोचे खापर गोळीवर फोडणे बरोबर नाही.

हे सांगणे गरजेचे आहे, कारण खरा धोका पुढे आहे. वजन वाढले म्हणून अनेक जण कोणाला न सांगता गोळ्या बंद करतात. इंग्लंडमध्ये दीर्घकाळ औषध घेणाऱ्या आणि ते थांबवण्याइतके बरे वाटणाऱ्या ४७८ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. औषध चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात आजार उलटला, थांबवलेल्यांमध्ये हे प्रमाण ५६ टक्के होते. तेही डोस हळूहळू कमी करून. मनानेच, एका दिवसात गोळी सोडणाऱ्याच्या वाट्याला तर ही सावधगिरीही येत नाही. दहा किलो वजन उतरवता येते. उलटलेल्या नैराश्याची किंमत कधी कधी जिवाने मोजावी लागते. त्यामुळे वजनाची तक्रार असेल तर ती डॉक्टरांकडे स्पष्ट करावी. डोस किंवा औषध बदलता येते, आणि तो बदल देखरेखीखालीच व्हावा.

मग उरतो प्रश्न उत्साहाचा. नैराश्यात उदासी आधी ओसरते, पण आनंद वाटण्याची आणि कामाला हात घालण्याची क्षमता बऱ्याचदा मागाहून येते. फिरायला जावेसे न वाटणे हा अशा वेळी आळस नसतो, ते आजाराचे उरलेले लक्षण असते. ‘आधी मूड चांगला होऊ दे, मग सुरू करू’ असे म्हणणारा माणूस म्हणूनच महिनोन्‌महिने थांबून राहतो. मानसोपचारातील एक पद्धत हा क्रम उलटा करते. आधी लहानशी, ठरलेली कृती, मग तिच्यातून मिळणारे समाधान, आणि त्यातून पुढच्या कृतीचे बळ.

या पद्धतीचा एक भक्कम पुरावा आपल्या शेजारीच, गोव्यात तयार झाला. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र स्वरूपाच्या नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर ‘संगत’ संस्थेने चाचणी केली. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत रुग्णांना रोजच्या कृती ठरवायला आणि पार पाडायला मदत केली. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्ण लक्षणमुक्तीपर्यंत पोहोचले होते. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

हेच तत्त्व वजनाला लावता येते. ‘रोज पाच किलोमीटर’ऐवजी ‘संध्याकाळी चहा झाला की चपला घालून कोपऱ्यापर्यंत’ असे ठरवावे. वेळ, जागा आणि सोबत नक्की असावी. दहा मिनिटे जमली की ती वहीत लिहावी. वजन आठवड्यातून एकदाच पाहावे, कारण रोजचा काटा पाणी आणि मिठानेही हलतो. महिना-दोन महिने यशाचे मोजमाप किलोंत न करता पार पडलेल्या दिवसांत करावे. २१८ चाचण्यांचे विश्लेषण २०२४ मध्ये ‘बीएमजे’मध्ये आले. त्यात चालणे-धावणे, योग आणि स्नायूंचे व्यायाम यांनी नैराश्याची लक्षणे कमी होत असल्याचे दिसले. म्हणजे काटा हलला नाही, तरी चालणे वाया जात नाही. शरीरासाठीही पाच ते दहा टक्के घट रक्तदाब आणि साखरेला उपकारक ठरते. ८० किलोच्या माणसासाठी ते चार ते आठ किलो आहेत, लग्नाच्या फोटोतले वजन नव्हे.

उपाशी राहण्याचे प्रयोग या काळात टाळावेत. जेवण चुकले की झोप आणि चिडचिड बिघडते, आणि रात्री हात डब्याकडे जातोच. गणपती-दिवाळीत खंड पडणार हे आधीच धरून चालावे. खंड पडल्यावर पुन्हा कोणत्या दिवशी सुरू करायचे, एवढे ठरलेले असले म्हणजे पुरे.

इंजेक्शनांचे काय? सेमाग्लुटाइडच्या मुख्य चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन घटले. या औषधांनी आत्महत्येचे विचार येतात का, ही शंका घेतली गेली होती. अमेरिका आणि युरोपच्या औषध नियामकांनी २०२४ मध्ये तपासणी करून तसा कार्यकारण संबंध आढळला नसल्याचे सांगितले. मात्र त्या चाचणीत नजीकच्या काळात तीव्र नैराश्य झालेल्यांना घेतलेच नव्हते. शिवाय औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. त्यामुळे पात्र रुग्णाला हे औषध जरूर द्यावे, पण मानसोपचारतज्ज्ञाला सांगून आणि मनःस्थितीवर लक्ष ठेवून. समाजमाध्यमावरची जाहिरात पाहून परस्पर सुरू करण्याचे हे औषध नाही.

व्यवस्थेकडूनही फार महागडे काही अपेक्षित नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्यासारख्या सामान्य मानसिक आजारांचे सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचारांबाहेर होते. जे मोठ्या मुश्किलीने आत येतात, ते तरी वजनापायी बाहेर पडू नयेत. मानसोपचाराच्या प्रत्येक बाह्यरुग्ण विभागात वजनकाटा आणि टेप असावी, पहिल्याच भेटीत वजन आणि कंबरेचा घेर नोंदवला जावा, आणि दर भेटीत त्याविषयी न लाजवता विचारले जावे. असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीत रक्तदाब-साखरेसोबत मनाबद्दलचे दोन प्रश्नही असावेत. गोव्यासारखे प्रशिक्षित समुपदेशक महाराष्ट्रातल्या आरोग्य केंद्रांतही उभे करता येतील.

तोवर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे. मन पुन्हा खचत असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर वजनाचा विचार बाजूला ठेवून आधी तो फिरवावा. आणि घरच्यांनी ‘फिरायला जा’ म्हणण्याऐवजी ‘चल, मीही येते’ म्हणावे. उत्साह बहुधा परतीच्या वाटेवर भेटतो, पण त्यासाठी आधी उंबरठा ओलांडावा लागतो.