उत्तर आधी, प्रयोग नंतर

एक मीटर लांबीच्या साध्या लंबकाची वीस आंदोलने विद्यार्थी मोजतो. घड्याळ ४०.६ सेकंद दाखवते. आकडेमोड केल्यावर गुरुत्वीय त्वरण ९५८ येते. पुस्तकात ९८१ आहे. मग तो सूत्र उलटे चालवतो, वीस आंदोलनांना ४०.१ सेकंद लागायला हवे होते हे शोधून काढतो आणि वहीत तेच उतरवतो. खरे वाटावे म्हणून पुढच्या दोन नोंदींत एखादा दशांश इकडेतिकडे करतो. शिक्षक सही करतात. हे मी केले आहे, आणि वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी केले असेल.

याच विद्यार्थ्याला आठ-दहा वर्षांनी पीएच.डी.च्या अभ्यासक्रमात ‘संशोधनातील नीतिमत्ता’ या विषयावर व्याख्यान दिले जाते. संशोधकाने निःपक्षपाती असावे, वैयक्तिक मते दूर ठेवावीत, असे त्यात सांगतात. त्यानंतर त्याच्यापुढे संशोधन आराखड्याचा नमुना येतो आणि त्यात एक रकाना असतो: ‘अपेक्षित निष्कर्ष’. प्रयोग व्हायचा आहे, पण निष्कर्ष भरून द्यायचा आहे. लंबकाचीच गोष्ट पुन्हा घडते, फक्त कागद महाग होतो.

निःपक्षपातीपणाचा उपदेश मला म्हणूनच निरुपयोगी वाटतो. मनातून पूर्वग्रह काढून टाकलेला माणूस अस्तित्वात नाही. ज्याने एका कल्पनेवर आयुष्याची पाच वर्षे लावली, त्याला ती खरी ठरावी असे वाटणारच. प्रश्न त्याच्या मनाचा नाही. त्याच्या मनाची इच्छा आकड्यांपर्यंत पोहोचू नये अशी कोणती व्यवस्था आपण केली आहे, हा प्रश्न आहे.

आपल्याच देशातील उदाहरणे पाहा. जुलै २०१८ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील दोन संशोधकांनी प्रीप्रिंटद्वारे दावा केला, की सोन्यात रुतवलेल्या चांदीच्या अतिसूक्ष्म कणांत २३६ केल्विनला, म्हणजे उणे ३७ अंश सेल्सिअसला, अतिसंवाहकता दिसते. देशभर आनंद झाला. काही दिवसांतच अमेरिकेतील एका भौतिकशास्त्रज्ञाने आलेखांकडे बारकाईने पाहिले. वेगवेगळ्या चुंबकीय क्षेत्रांत घेतलेल्या दोन मोजमापांतील यादृच्छिक चढउतार हुबेहूब सारखे होते. गोंगाट असा स्वतःची नक्कल करत नाही. मी येथे कोणावर अप्रामाणिकपणाचा आरोप करत नाही. दावा मात्र आजही सर्वमान्य झालेला नाही. लक्षात ठेवण्याची गोष्ट वेगळी आहे. त्या आठवड्यांत ज्यांनी शंका घेतली, त्यांना ‘आपल्याच लोकांचे पाय ओढणारे’ म्हटले गेले. देशप्रेम हाही पूर्वग्रहच असतो, आणि तो सन्माननीय असल्याने ओळखायला अधिक कठीण जातो.

याउलट चित्र २०२३ चे. दक्षिण कोरियातील गटाने एलके-९९ हा पदार्थ सामान्य तापमानाला अतिसंवाहक असल्याचे जाहीर केले आणि जगभर समाजमाध्यमांवर उत्सव सुरू झाला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील गटाने तो पदार्थ स्वतः तयार केला, मोजला आणि अतिसंवाहकता दिसत नाही असे सांगितले. पुढे इतरत्र स्पष्ट झाले, की सुमारे १०४ अंश सेल्सिअसला रोध एकाएकी घटतो तो पदार्थात राहिलेल्या क्युप्रस सल्फाइडच्या अशुद्धतेमुळे. दिल्लीचे ते ‘नाही’ हे उत्तम विज्ञान होते. त्यासाठी कोणी फटाके वाजवले नाहीत.

व्यवस्थाच पूर्वग्रहाच्या बाजूने उभी राहिली तर काय होते, हे फेब्रुवारी २०२० मध्ये दिसले. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने देशी गाईंच्या उत्पादनांवर संशोधनासाठी प्रस्ताव मागवले. कार्यक्रमाच्या नावातच ती उत्पादने श्रेष्ठ असल्याचे गृहीत होते. ५०० हून अधिक वैज्ञानिकांनी पत्र लिहून आक्षेप घेतला. त्यांचे बरोबर होते. पण त्या पत्रावर टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी जे ‘यात तपासण्यासारखे काहीच नाही’ असे म्हणाले, त्यांनीही उत्तर आधीच लिहून ठेवले होते. प्रामाणिक मार्ग साधा होता: देशी आणि संकरित गाईंचे नमुने सांकेतिक क्रमांक देऊन प्रयोगशाळेत पाठवा, मोजणाऱ्याला कोणता नमुना कोणाचा हे कळू देऊ नका, आणि विश्लेषण संपल्यावरच पाकीट उघडा. अशा चाचणीला श्रद्धावानही घाबरू नये आणि उपहास करणाराही.

हे अशक्य नाही. वैद्यकीय चाचण्यांसाठी भारताची नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली, २००९ पासून नोंदणी बंधनकारक झाली आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण सहभागी होण्याआधीच नोंदणी करावी लागते. काय मोजणार हे आधी जाहीर केले, की नंतर सोयीचा निकष शोधणे अवघड होते. येथे कोणाच्या सद्गुणांवर भिस्त नाही. हीच शिस्त शेतीच्या, शिक्षणाच्या, मानसशास्त्राच्या संशोधनाला का नको?

म्हणून मागण्या तीनच. आराखड्यातील ‘अपेक्षित निष्कर्ष’ हा रकाना काढा आणि तेथे विचारा: ‘काय आढळले तर तुम्ही चुकला होता असे मान्य कराल?’ नकारात्मक निष्कर्षाच्या प्रबंधालाही तितकाच मान द्या. आणि बारावीच्या प्रयोगवहीत ९८१ ला गुण देणे थांबवा. गुण द्या ते मूळ नोंदींना आणि चुकीच्या शोधाला.

कारण त्या ९५८ मध्ये काहीतरी होते. विद्यार्थ्याने फक्त दोऱ्याची लांबी मोजली होती; आकडा आणि गोळ्याची त्रिज्या मिळून सुमारे २.४ सेंटिमीटर तो विसरला होता. ते मिळवले असते तर त्याच ४०.६ सेकंदांतून ९८१ आले असते. नोंद खरी होती. त्याने ती खोडली आणि चूक तशीच राहिली.