दुकानातला पार्ट आणि विमानातून येणारा पार्ट

सध्या कोल्हापुरात गाडीवाल्या पोरांमध्ये एक नवीन शहाणपण आलंय. दुकानातून पार्ट घेणारा येडा आणि मोबाइलवरून चीन, तैवान, इंग्लंडहून मागवणारा हुशार. टपरीवर स्क्रीनशॉट दाखवले जातात. "इथं दुकानदार अठराशे सांगतोय, तिकडं अकराशेला मिळतंय. लुटायला बसल्यात सगळे." मग दुसऱ्या बाजूने कुणीतरी स्वदेशीचं भाषण ठोकतो. त्याच्या हातातला मोबाइल कुठल्या देशातला, हे विचारायची सोय नसते.

मला दोन्ही पटत नाही. पार्ट कुठून घ्यावा हा देशभक्तीचा प्रश्न नाही आणि नुसता स्वस्ताईचाही नाही. गाडी कुठली, पार्ट कुठला आणि गाडी बंद राहिली तर तुमचं काय अडतं, यावर ते ठरतं. पण त्याआधी त्या स्क्रीनशॉटवरच्या आकड्याचा हिशोब करू, कारण तिथेच अर्धी फसगत आहे.

परदेशातून माल आला की कस्टम ड्युटी लागते आणि ती नुसत्या पार्टच्या किमतीवर लागत नाही. पार्ट, पाठवणावळ आणि विमा मिळून जो आकडा होतो त्यावर लागते. काही वर्षांपूर्वीचं गणित सांगतो. वैयक्तिक वापरासाठी मागवलेल्या मालावर मूळ ड्युटी ३५ टक्के. त्या ड्युटीवर १० टक्के अधिभार, म्हणजे आणखी साडेतीन. झाले साडेअडतीस. आता या सगळ्यासकट जी रक्कम झाली तिच्यावर २८ टक्के आयजीएसटी. एकूण ७७.२८ टक्के. म्हणजे समजा पार्ट ४,००० चा आणि पाठवणावळ २,०००, तर ६,००० वर साधारण ४,६३७ रुपये नुसता कर. ४,००० चा पार्ट दारात आला तेव्हा साडेदहा हजारांच्या वर गेला. शिवाय कुरिअरवाला कस्टमचं काम केल्याचे वेगळे पैसे लावतो. आता दर बदललेत, मागवण्याआधी चालू दर बघून घ्या. पण हिशोबाची रीत तीच आहे, पाठवणावळीवरही कर बसतो.

"भेट म्हणून पाठवायला सांगितलंय, ड्युटी लागत नाही," असं अजून काही जण छातीठोकपणे सांगतात. ती सवलत डिसेंबर २०१९ मध्येच गेली. राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून बाकी भेटवस्तूंना माफी राहिली नाही. तुमचा सायलेन्सर राखी आहे असं कस्टमवाल्याला पटवून देता आलं तर बघा.

आता दुसरी गंमत. ज्या पार्टसाठी आपण परदेशी वेबसाइट धुंडाळतो, त्यातले बरेच पार्ट आपल्याच उंबऱ्यात बनतात. केटीएमची ३९० ड्यूक ऑस्ट्रियाची म्हणून मिरवते, ती वर्षानुवर्षं चाकणला बजाजच्या कारखान्यात बनते आणि तिथूनच बाहेरच्या देशांत गेली आहे. ट्रायम्फची स्पीड ४०० इंग्लंडच्या नावाची, बनते चाकणला. 'बायब्रे' लिहिलेला ब्रेक बऱ्याच गाड्यांना असतो, तो ब्रेम्बो या इटालियन कंपनीचा लहान गाड्यांसाठीचा माल. त्यांचा कारखानाही चाकणलाच. वाळूजच्या कारखान्यांतून सस्पेन्शन, क्लच, ब्रेक देशभरातल्या गाड्यांना जातात. आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमधून गाड्यांच्या कंपन्यांना कास्टिंग जातं हे कोल्हापूरकराला सांगायची गरज नाही, आपल्याच घरातलं कुणीतरी तिथं कामाला असतं. अशा गाडीचा पार्ट युरोपातल्या विक्रेत्याकडून मागवायचा म्हणजे वारणेचं दूध मुंबईहून आणल्यासारखं आहे.

पण सगळ्यात जास्त काळजी मला वाटते ती स्वस्त नकलेची. आरसे, हँडल ग्रिप, नंबर प्लेटची फ्रेम असलं काहीही मागवा. तुटलं तर शोभा जाईल, एवढंच. ब्रेक डिस्क, ब्रेक पॅड, चेन, स्प्रॉकेट, पुढच्या चाकाचा ॲक्सल यांच्या बाबतीत तसं नाही. आमच्या गल्लीतल्या एका पोराने पुढची डिस्क मागवली होती, दिसायला एकदम झकास, फुलाच्या पाकळीसारखी कापलेली. मिस्त्रीने हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाला, "हे कुठनं आणलासा? भोकं जुळतात, पण जाडी बघा की. दोन घाट उतरला तर वाकडी हुईल." त्याने बसवायला सरळ नकार दिला. त्या दिवशी गिऱ्हाईक गेलं त्याचं. स्क्रीनशॉटमध्ये हा माणूस नसतो.

हेडलाइटचंही असंच. आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो, अमेरिका आणि इंग्लंड सोडून बाकी बहुतेक युरोप उजवीकडून. तिकडच्या हेडलाइटच्या काचेची घडण अशी असते की उजेड उजव्या बाजूला जास्त पसरतो. तो दिवा इथे लावला की उजेड थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात. रात्री गगनबावडा रोडला समोरून असा एक भेटला की मग कळतं. आपल्या गाडीला इम्पोर्टेड दिवा आणि समोरच्याला खड्डा.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग परदेशातून काही मागवूच नये का? मागवावं. आणि तिथे मी ठामपणे मागवणाऱ्याच्या बाजूने आहे.

राजदूत ३५० घ्या. १९८३ साली एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी ३५० वरून ती आणली आणि काही वर्षांतच बंद पडली. यामाहा आरएक्स १०० १९८५ ला आली, १९९६ ला थांबली. म्हैसूरच्या येझदीचा कारखानाही १९९६ लाच बंद झाला. या गाड्या कोल्हापूर-सांगलीत आजही जिवापाड सांभाळल्या जातात. त्यांच्या चांगल्या क्रँक, चांगले पिस्टन, कार्ब्युरेटरचे बारीक जेट दुकानात मागितले तर दुकानदार तरी काय करणार? कंपनीने बनवणं सोडून पिढी झाली. इकडे बाजारात 'मेड इन जपान' असं कोरलेला ब्लॉक मिळतो. तो कुठल्या जपानात कोरला ते कोरणाऱ्यालाच ठाऊक. अशा वेळी जपान, इंग्लंड किंवा अमेरिकेतल्या जुन्या, नाव असलेल्या विक्रेत्याकडून खरा माल मागवला आणि कर भरला तर त्यात काहीच वावगं नाही. फक्त एक ध्यानात ठेवा, राजदूत म्हणजे हुबेहूब तिकडची आरडी नव्हे. तिकडच्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्याला ड्रम दिला. नाव बघून पार्ट मागवला तर बसेलच असं नाही आणि परत पाठवायचा खर्च पार्टएवढा येतो.

आणि मागवण्याआधी एकदा उद्यमनगरात चक्कर मारा. बुश, स्पेसर, ॲक्सल, घासलेल्या ब्लॉकमध्ये नवीन स्लीव्ह घालून बोअर करणं, झिजलेल्या किक शाफ्टचे दाते भरून पुन्हा कापणं, हे करणारे हात तिथे अजून आहेत. बाबूराव पेंटरांचा कॅमेरा ज्या गावात घडला त्या गावात एक बुश घडणार नाही होय? सगळंच होतं असं मात्र नाही. रबरी डायफ्रॅम, सीडीआय, चांगल्या प्रतीचं ऑइल सील लेथवर होत नाही. ते मागवावंच लागतं. पण अर्धी यादी इथेच उरकते.

आता मुद्दा तुमच्या-माझ्या रोजच्या गाडीचा. स्प्लेंडर, शाइन, पल्सर, ॲक्टिव्हा. इथे मला स्क्रीनशॉटवाल्यांचा खरंच राग येतो. कारण ते दुकानाची किंमत मोजतात, दुकान असण्याची किंमत मोजत नाहीत.

पहाटे डेअरीला कॅन पोचवणारा, दिवसभर पार्सल पोचवणारा पोरगा, सेंट्रिंगच्या कामावर जाणारा गवंडी यांची गाडी तीन आठवडे कुरिअरची वाट बघत उभी राहू शकत नाही. क्लच केबल तुटली की त्याला ती त्याच दिवशी पाहिजे. पार्टवर वाचलेले २०० रुपये एका दिवसाच्या बुडालेल्या मजुरीत निघून जातात. शौकाची गाडी महिनाभर उभी राहिली तर फेसबुकवर एक उदास फोटो पडेल. पोटाची गाडी उभी राहिली तर घरात कळतं.

आणि २०१९ चा ऑगस्ट विसरलात का? २०२१ चा जुलै? शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ता बंद झाला. पेट्रोलसाठी रांगा. त्या दिवसांत कुठलं ॲप आणि कुठलं कुरिअर? पाणी ओसरल्यावर शाहूपुरीपासून व्हीनस कॉर्नरपर्यंत चिखलाने भरलेल्या गाड्या रांगेत उभ्या होत्या. बुडालेली गाडी सुरू करायची नसते, आधी उघडायची असते. इंजिन ऑइल काढायचं, नवीन घालून फिरवायचं, पुन्हा काढायचं, कधी कधी तीन वेळा. टाकी रिकामी करायची. प्लग, एअर फिल्टर, चाकांची बेअरिंगं, ब्रेक शू बदलायचे. असल्या शेकडो गाड्यांना एकाच आठवड्यात जे ऑइल आणि बेअरिंग लागलं ते कुठून आलं? पाणी न लागलेल्या दुकानांच्या मांडणीवरून आलं. बऱ्याच जणांनी उधारीवर दिलं, वहीत नाव लिहून. ज्यांचीच दुकानं बुडाली होती त्यांनी चिखलातली खोकी धुऊन, पुसून उरलेला माल काढला. मांडणीवर माल भरून ठेवायला भांडवल अडकतं आणि ते अडकवायला कुणीतरी गावात बसलेलं असावं लागतं. आपण वर्षभर सगळा धंदा बाहेर दिला तर पुढच्या पुरात त्या मांडणीवर काय असेल?

म्हणून दुकानदार फार सज्जन आहेत असं मी म्हणत नाही. त्यांच्याबद्दल बोलायचं तर बरंच आहे. बिल मागितलं की चेहरा पडतो. "पक्कं बिल पाहिजे असलं तर जीएसटी लागंल," हे वाक्य तर पाठच झालंय. अहो, तो छापील किमतीत धरलेलाच असतो! २२ सप्टेंबर २०२५ पासून दुचाकीच्या पार्टवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तो फरक तुमच्या हातात पडला का? विचारा ना. दुसरं म्हणजे कंपनीचा, बाहेरच्या चांगल्या बनावटीचा आणि अगदी हलका असे तीन प्रकारचे माल एकाच काउंटरवर असतात, पण गिऱ्हाइकाला "ओरिजिनलच आहे" एवढंच सांगितलं जातं. हलका माल विकू नका असं मी म्हणणार नाही, काहींना तोच परवडतो. पण तो हलका आहे हे सांगून विका. ब्रेक शूच्या बाबतीत तरी सांगा. पोरं वेबसाइटकडे पळतात त्याचं एक कारण दर असेल, पण दुसरं कारण हे आहे की तिथे निदान काय घेतोय ते लिहिलेलं असतं, भले खोटं का असेना.

आणि कंपन्या यातून सुटत नाहीत. दहा वर्षं जुन्या गाडीचा साधा पार्ट मागितला की अधिकृत शोरूममध्ये "बंद झालाय" किंवा "पूर्ण असेंब्लीच घ्यावी लागेल" हे ऐकायला मिळतं. ५० रुपयांचं रबर फाटलं म्हणून ३,००० ची असेंब्ली. मोटारींच्या बाबतीत स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता, कारण त्या सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजला मोकळेपणाने मिळू देत नव्हत्या. पुढे अपिलं झाली, पण मुद्दा नोंदला गेला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. पोर्टलवर माहिती टाकून भागणार नाही. गाडीचं उत्पादन थांबल्यावर किती वर्षं पार्ट मिळतील हे विकतानाच लिहून द्यायला कंपनीला भाग पाडलं पाहिजे. आपले खासदार-आमदार नवीन शोरूमच्या फिती कापायला जातात, तेव्हा हा एक प्रश्न मालकाला विचारला तरी पुरे.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. रोजच्या गाडीचा पार्ट गावात घ्या आणि बिल घेऊनच उठा. ब्रेक आणि चाकाचं काहीही अनोळखी साइटवरून मागवू नका. जुन्या गाडीचा अडलेला पार्ट असेल तर आधी इथे खाली लिहा: गाडी, साल, पार्ट, जमलं तर फोटो. उद्यमनगरात ते काम कोण करून देतं हे आपल्यातल्या कुणालातरी माहीत असतं. नसेलच होत, तर दोघा-तिघांनी मिळून एकाच पार्सलमध्ये मागवा, पाठवणावळ वाटून जाईल. मला स्वतःला आरएक्सच्या कार्ब्युरेटरची सुई आणि जेट मागवायचे आहेत. अजून कुणाला पाहिजे असतील तर रविवारपर्यंत सांगा.